धुराचा रंग

गराज नंबर सत्तेचाळीस.
चाकं काढलेली गाडी, तिच्या टपावर तावीचे ड्रम,
काकडीच्या लोणच्याच्या रिकाम्या बरण्या,
आणि भिंतीतून आलेली एकच वायर,
जिच्यावर आमचा सगळा संताप चालतो.

बाहेर राखेचा डोंगर.
एस्टोनियाच्या या कोपऱ्यात डोंगर नव्हताच कधी.
दलदल होती, बर्चची झाडं होती, सपाटी होती.
मग जमिनीखालचा दगड वर आला,
वीजघरात जळला,
आणि उरलं ते माणसं रचत गेली.
आता पोरं त्यावरून घसरगाड्या सोडतात.
बर्फ सगळीकडे साचतो,
फक्त एका कुशीवर साचत नाही.
आत अजून धुमसतंय म्हणतात.
त्या कुशीला पाठ लावून
आम्ही कैक रात्री बिअर प्यायलो आहोत.
गाण्यात हे कुठे नाही.

गाणी आर्सेनी लिहितो.
घरात रशियन, वहीत एस्टोनियन.
राजधानीत कुणी ऐकायचं तर हीच भाषा पाहिजे, म्हणतो.
काळा धूर, काळी नदी,
काळ्या खिडकीत मी, माझ्याच शहराचा पाहुणा
असं काहीतरी. चाल चांगली आहे.
आणि ज्याच्या खोकल्यावर दुसरं कडवं आहे
त्या बापाला त्यातलं
एक अक्षर कळत नाही.

अँप लावला की गाण्याआधी घुमते ती घरघर.
तावी म्हणतो अर्थिंग खराब.
मी बेस वाजवते, मला माहीत आहे तो सूर.
लहानपणी वीजघराच्या कुंपणाला कान लावला होता,
तोच.
ज्याला शिव्या घालायच्या
त्याच्याकडूनच रोज उसना घेतलेला गळा.

फेब्रुवारीत एका गुरुवारी वीज गेली.
सगळ्या गराजांत एकदम अंधार.
माझा बेस म्हणजे नुसती ताणलेली दोरी.
आर्सेनी थांबला नाही.
इतक्या वर्षांत पहिल्यांदा कळलं,
त्याचा आवाज बारीक आहे,
वरच्या पट्टीत किंचित तुटतो.

दारात बॅटरी चमकली. व्हालेरी.
एकतीस वर्षं भट्टीवर.
कानात अजून कापूस, सवयीचा.
हातात मुलासाठी थर्मास.
म्हणाला, हे काय आहे, सांग तरी.
आर्सेनीने ओळ अन् ओळ रशियनमध्ये सांगितली,
शाळेत गृहपाठ दाखवावा तशी,
खाली बघत.

बाप ऐकत राहिला. खोकला आला, तो काढला.
मग म्हणाला, काळा नसतो रे.
काळा धूर म्हणजे हवा कमी पडली,
म्हणजे आमची चूक. पगार कापायचे.
मी एकतीस वर्षं पांढरा काढला.
तुझी आई दोरीवर चादरी घालायच्या आधी
चिमणीकडे बघायची. विचार तिला.
पांढराच. तरी चादर खरखरीत व्हायचीच.

कुणी काही बोललं नाही.
चहा एकाच झाकणातून फिरला.
तो गेल्यावर बॅटरीचा उजेड
बराच वेळ लांब जाताना दिसत होता,
कधी रस्त्यावर, कधी वर, डोंगरावर.

आर्सेनीने काळा खोडला. पांढरा लिहिला.
वीज आली. घरघर आली.
आणि गाणं अडलं.
काळा म्हणताना जबडा आपोआप आवळायचा,
पांढरा म्हणताना तोंड उघडं राहतं,
त्यात राग बसत नाही,
दुसरंच काही शिरतं.
तावी वैतागला. पूर्वीचंच बरं होतं, म्हणाला.

तीन आठवडे झाले, अजून अडतंय.
काल मी मधेच वाजवायची थांबले.
गराजात उणे नऊ असेल,
आर्सेनी ती ओळ पुन्हा पुन्हा म्हणत होता
आणि प्रत्येक वेळी तोंडातून वाफ,
जाड, सावकाश, छताकडे.
मी सांगितलं नाही त्याला.